सूर्यशाळेचे संस्थापक : डॉ. ओग्युस्त रोलिए

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्य भागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यावर उंच बसलेले लेझँ नावाचे एक गाव आहे. उत्तरेकडून येणारा बोचरा वारा पाठीमागचा डोंगर अडवितो व दक्षिणेकडे सारे अंगण सूर्याला मोकळे राहते. हिवाळ्यात खालचे खोरे दिवसचे दिवस धुक्यात बुडालेले असताना वरच्या या गावात मात्र लख्ख ऊन पडलेले असते. समोर दाँ दु मिदी नावाची हिमाच्छादित शिखरे उभी असतात. त्या नावाचा अर्थ मध्यान्हीचे दात असा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे ते चौदाशे मीटर उंचीवरचे हे खेडे एके काळी गाई राखणाऱ्या शेतकऱ्यांचे होते. तेथील माणसे दीर्घायुषी असतात ही गोष्ट अठराव्या शतकातच विद्वानांच्या ध्यानी आली होती, आणि लोकसंख्येच्या प्रश्नावर ज्याचा ग्रंथ जगप्रसिद्ध आहे त्या माल्थसनेही आपल्या ग्रंथात या लहानशा गावाची नोंद केली आहे. परंतु लेझँचे नाव पुढे घरोघरी पोहोचले ते या गावकऱ्यांमुळे नव्हे. युरोपभरातून आणलेली आजारी मुले तेथे बरी होऊ लागली म्हणून ते पोहोचले. ज्या गृहस्थांनी हे घडवून आणले त्या डॉ. ओग्युस्त रोलिए यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे वाटते.

रोलिए यांचा जन्म १८७४ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल प्रांतात झाला. त्यांच्या वयाच्या आठव्या वर्षी, म्हणजे १८८२ साली, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढले. रोग कशाने होतो हे कळले, पण तो बरा कसा करावा हे मात्र पुढे साठ वर्षे कोणालाच नीटसे कळले नाही. रोलिए यांचे सारे कर्तृत्व या साठ वर्षांच्या पोकळीत घडले आहे, हे ध्यानी ठेवले म्हणजे त्यांच्या धडपडीचा अर्थ लागतो.

क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा, रक्त थुंकणारा, खंगलेला माणूस उभा राहतो. तो फुप्फुसांचा क्षय. मुलांना होणारा क्षय पुष्कळदा निराळ्या वाटेने जाई. तो मानेच्या गाठींत शिरला म्हणजे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली गंडमाळ उद्भवे. खुब्याच्या वा गुडघ्याच्या सांध्यात शिरला म्हणजे पाय आखडे. पाठीच्या मणक्यात शिरला म्हणजे मणके कुजून खचत व मुलाला जन्माचे कुबड येई. त्या काळी क्षयी गाईंचे दूध न तापविता मुलांना पाजण्याची चाल युरोपात सर्रास होती व असले कितीतरी रुग्ण त्या दुधानेच होत. ही मुले लवकर मरत नसत. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून, वाहत्या जखमा घेऊन ती जगत. शाळा सुटे, सोबती सुटत, आणि मोठेपणी भीक मागण्यावाचून दुसरा मार्ग त्यांतील पुष्कळांना उरत नसे. या क्षयाला तेव्हाचे डॉक्टर शस्त्रक्रियेचा क्षय म्हणत, कारण त्यावर सुरी चालविण्यापलीकडे त्यांना उपाय दिसत नव्हता.

वैद्यकाचे शिक्षण पुरे झाल्यावर रोलिए बर्न येथे प्राध्यापक थिओडोर कोखर यांच्या हाताखाली सहायक म्हणून राहिले. कोखर हे त्या काळच्या श्रेष्ठ शस्त्रवैद्यांपैकी एक. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून त्यांची योग्यता कळावी. असा गुरू लाभणे हे तरुण शस्त्रवैद्याचे भाग्यच. चार वर्षे रोलिए त्यांच्याजवळ होते. परंतु या चार वर्षांत त्यांना जे दिसले त्याने त्यांचे समाधान झाले नाही. कुजलेले हाड कापून काढावे, जखम भरून यावी, मुलाला घरी पाठवावे, आणि वर्षा-दोन वर्षांनी तेच मूल दुसऱ्या सांध्याचे दुखणे घेऊन पुन्हा दारात यावे, असे वारंवार घडे. सुरी हाड काढी, पण रोग शरीरातच राही.

याच सुमारास दोन आघात त्यांच्या अगदी जवळ येऊन पडले. त्यांच्या एका शाळासोबत्याला खुब्याचा क्षय झाला होता. त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, दर वेळी शरीराचा थोडा भाग गेला आणि उरलेल्याला आराम काही पडला नाही. शेवटी निराश होऊन त्या बिचाऱ्याने आपल्या हातांनी जीवनाचा शेवट केला. दुसरा आघात म्हणजे त्यांच्या नियोजित वधूलाच फुप्फुसांचा क्षय जडला. तिला घेऊन डोंगरावर, लेझँला, जाण्याचा निर्णय रोलिए यांनी घेतला. बर्नमध्ये कोखरांच्या छायेत मोठ्या नावलौकिकाची वाट समोर मोकळी होती. ती सोडून एका खेड्यात जाऊन राहावयाचे, हे त्यांच्या व्यवसायबंधूंना खुळेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. लेझँच्या हवेत ती बरी झाली. रोलिए यांनी ते गाव पुन्हा सोडले नाही.

लेझँ त्या वेळी अगदीच अज्ञात होते असे नव्हे. १८९२ साली तेथे श्रीमंत क्षयरोग्यांसाठी एक भव्य आरोग्यधाम उघडले होते, आणि १९०० साली खालच्या एग्ल गावापासून दातेरी रुळांची आगगाडी डोंगर चढून वर येऊ लागली होती. परंतु तेथे येणारे रोगी फुप्फुसांचे. हाडांच्या क्षयाला डोंगरावरची हवा काय करणार, अशी समजूत होती. रोलिए यांनी १९०३ साली आपले पहिले छोटे चिकित्सालय उघडले ते नेमके या हाडांच्या रोग्यांसाठी, आणि औषध ठरविले सूर्य.

सूर्यप्रकाशाने रोग हटतो ही कल्पना त्यांनी शून्यातून निर्माण केली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कृत्रिम प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करून दाखविला होता व त्याबद्दल त्यांना १९०३ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. स्वित्झर्लंडमध्येच डॉ. ओस्कार बर्नहार्ड हे न भरणाऱ्या जखमा उन्हात उघड्या ठेवून भरून आणीत होते. रोलिए यांचे वेगळेपण असे की त्यांनी नुसत्या जखमेवर ऊन न पाडता रोग्याच्या सर्व शरीराला ऊन दिले. रोग एका सांध्यात दिसला तरी तो सर्व देहाचा आहे, तेव्हा देहाचीच शक्ती वाढविली पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. दुसरे असे की हे ऊन त्यांनी औषधासारखे, मोजून मापून दिले.

ही मोजमापाची पद्धत सांगण्यासारखी आहे. नवा रोगी आला की त्याला प्रथम काही दिवस नुसते मोकळ्या हवेत निजविण्यात येई, म्हणजे डोंगरावरच्या थंडीची सवय होई. मग खाट गच्चीवर ढकलीत नेत. पहिल्या दिवशी केवळ पावले उघडी करावयाची व तीही पाच मिनिटे. काही वेळाने पुन्हा पाच मिनिटे, आणखी काही वेळाने पुन्हा पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी पावले दहा मिनिटे व पोटऱ्या पाच मिनिटे. तिसऱ्या दिवशी पावले पंधरा, पोटऱ्या दहा, मांड्या पाच. असे करीत करीत ऊन पोटावर, मग छातीवर चढत जाई व दोन-तीन आठवड्यांनी रोगी काही तास सर्वांगाने उन्हात निजू शके. डोक्यावर पांढरी टोपी आणि डोळ्यांना काळा चष्मा मात्र कधी सुटत नसे. कातडी हळूहळू तांबूस व मग गडद तपकिरी होई. जो रोगी लवकर सावळा होतो तो लवकर बरा होतो, असा रोलिए यांचा अनुभव होता. कातडी भाजू द्यावयाची नाही, घाई करावयाची नाही, आणि गरम हवेत सूर्यस्नान द्यावयाचे नाही हे त्यांचे तीन कडक नियम होते. उन्हाळ्यात ते सकाळी लवकर ऊन देत व दुपारची वेळ टाळीत.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात धरण्याची रीत आजीबाईंच्या काळापासून आहे. तीतही कोवळे हा शब्द महत्त्वाचा आहे, हे रोलिए यांचे नियम वाचताना सहज मनात येते. मात्र आपले मैदानातले ऊन व त्यांचे डोंगरावरचे ऊन एक नव्हे. उंचावर हवा विरळ व निर्मळ असते, त्यामुळे सूर्याचे नीलातीत किरण खालच्यापेक्षा अधिक प्रमाणात पोहोचतात. त्यात सभोवार बर्फ असला म्हणजे ते किरण बर्फावरून उलटून पुन्हा अंगावर येतात. हवा गार, पण प्रकाश प्रखर, अशी स्थिती तेथे हिवाळ्यातही असते. म्हणून तर बाहेर बर्फ साचलेले असताना गच्चीवर मुले उघड्या अंगाने निजलेली, असे चमत्कारिक दृश्य पाहुण्यांना दिसे व ते आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नसत.

हाडांना विश्रांती देण्यासाठी त्या काळी सर्व शरीर चुन्याच्या साच्यात महिनोनमहिने जखडून टाकीत. साच्याखाली कातडी फिकी पडे व स्नायू सुकून जात. रोलिए यांनी शक्य तेथे हा साचा टाळला, आणि जेथे घालावाच लागला तेथे त्याला खिडकीसारखे भोक ठेविले, म्हणजे रोगट भागावर ऊन पडावे. कण्याच्या क्षयाच्या मुलाला ते पुष्कळ दिवस पालथे निजवीत व छातीखाली उशी देत. मूल कोपरांवर रेटा देऊन मान वर करी, समोरची शिखरे पाही, पुस्तक वाची, आणि हे करता करता त्याच्या पाठीचे स्नायू बळकट होऊन वाकू पाहणाऱ्या कण्याला धरून ठेवीत. एखाद्या कुशल वैद्याची बुद्धी किती साध्या गोष्टींतून प्रकट होते पाहा! एक उशी, एक गच्ची आणि पुरेसा वेळ.

पण वेळ ही गोष्ट काही स्वस्त नव्हती. शस्त्रक्रिया तासाभरात होई. या उपचाराला एक वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागे. तेव्हाच्या नामांकित शस्त्रवैद्यांना हा प्रकार आळसाचा वाटला. कोखरांच्या शिष्याने सुरी टाकून उन्हाची उपासना आरंभावी याचे पुष्कळांना हसूच आले असेल. रोलिए यांनी त्यांच्याशी वाद घातले, पण मुख्यतः त्यांनी छायाचित्रे दाखविली. रोगी आला तेव्हाचे छायाचित्र, तो गेला तेव्हाचे छायाचित्र, आणि दोहोंसोबत क्ष-किरणांनी घेतलेली हाडांची चित्रे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा; त्यामुळे हाड आतून भरून येत आहे हे डोळ्यांना दिसू शके. १९१४ साली त्यांचा सूर्योपचारावरील फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले, व लेझँला पाहुण्या डॉक्टरांची रीघ लागली. इंग्लंडात ऑल्टन येथे हेन्री गोव्हेन यांनी, अमेरिकेत बफेलो शहराजवळच्या रुग्णालयाने, मुलांच्या हाडांच्या क्षयावर असेच सूर्योपचार चालविले.

मुलांच्या चिकित्सालयांत अंथरुणावरच शिक्षण चाले. खाटांच्या रांगा गच्चीवर आणल्या की शिक्षक मधून हिंडत व निजलेली मुले पाठ म्हणत, गणिते सोडवीत. शरीर बरे होईपर्यंत मनाला रिकामे ठेवले तर बरे झालेले मूलही निकामी निघते, हे रोलिए यांनी लवकर ओळखले होते. यातूनच पुढची कल्पना निघाली, आणि माझ्या मते रोलिए यांच्या सर्व कार्यात हीच सर्वांत थोर होय.

आजारी झालेल्या मुलाला दोन वर्षे उन्हात ठेवून बरे करावयाचे, त्यापेक्षा जे मूल आजारी पडण्याच्या वाटेवर आहे त्यालाच आधी उन्हात का आणू नये? ज्याच्या घरी क्षय आहे, ज्याच्या मानेच्या गाठी सुजल्या आहेत, जे शहराच्या कोंदट गल्लीत वाढून फिकट व किरकोळ राहिले आहे, अशा मुलासाठी रुग्णालय नको, शाळा हवी. या विचाराने त्यांनी १९१० साली लेझँच्या खालच्या अंगाला सेर्न्या येथे एक निवासी शाळा काढली. तिचे नाव त्यांनी सूर्यशाळा असेच ठेविले. जर्मनीत बर्लिनजवळ १९०४ साली अरण्यातली शाळा निघाली होती व इतरत्रही मोकळ्या हवेतल्या शाळांचा प्रयोग सुरू झाला होता; पण वर्ग, खेळ व उपचार या तिन्ही गोष्टी सूर्याच्या हिशेबाने चालविणारी शाळा म्हणून सेर्न्याचेच नाव जगभर झाले.

या शाळेचा दिवस कसा जाई ते ऐका. सकाळी मुलांनी कपडे उतरावयाचे. अंगावर राही ती एक लंगोटी, डोक्यावर पांढरी टोपी, पायांत बूट. प्रत्येकाजवळ घडी घालता येण्याजोगे हलके मेज व बैठक असे. ती पाठीवर अडकवून मुलांची रांग शिक्षकांच्या मागोमाग निघे. ज्या जागी ऊन चांगले व वारा कमी असेल ती जागा निवडावयाची, तेथे पाठीवरची शाळा उतरावयाची व मेज मांडून धडा सुरू करावयाचा. फळा, भिंत, छप्पर काही नाही. धडे संपले की श्वसनाचे व्यायाम, खेळ, भटकंती, भोजन व विश्रांती. हिवाळ्यात बर्फ पडले म्हणजे शाळा बंद होत नसे. तीच मुले तशीच उघडी, पायांना बर्फावर घसरण्याच्या लांब पट्ट्या बांधून वर्गाच्या जागी जात. बर्फाळ उतारावरून लंगोटी लावलेल्या सावळ्या मुलांची रांग घसरत येत आहे, अशी त्या शाळेची छायाचित्रे युरोप-अमेरिकेतील नियतकालिकांतून पुष्कळ छापली गेली. अर्थात या मुलांनाही पहिल्याच दिवशी बर्फात सोडीत नसत. पावलांपासून छातीपर्यंत ऊन चढविण्याची तीच पायरीपायरीची शिस्त येथेही होती.

हे वाचून आमच्या विद्यार्थ्यांना त्या मुलांचा हेवा वाटेल. परंतु या चित्राची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. ती मुले लहान होती व घरापासून दूर होती. काही महिने, कधी त्याहून अधिक काळ, आईवडिलांचे दर्शन पत्रातूनच. ज्यांच्या घरी क्षयाचे माणूस होते त्यांना तर आपण येथे का आलो आहोत हे ठाऊक असणारच; आणि घरून पत्र येण्यास उशीर झाला म्हणजे त्यांच्या मनात काय येत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. मुलाला वाचविण्यासाठी त्याला घरातून काढावयाचे, ही किंमत त्या काळात कोणालाही टाळता आली नाही. मात्र रोलिए यांच्या शाळेत एक गोष्ट होती, जी तत्कालीन बहुतेक आरोग्यधामांत नव्हती. तेथे मुलाला आजारी म्हणून वागवीत नसत. ते विद्यार्थी होते. चालणारे, खेळणारे, धडपडणारे विद्यार्थी. एखाद्या आईला आपले मूल रुग्णालयात आहे असे सांगण्याऐवजी ते शाळेत आहे असे शेजारणीला सांगता येत असेल, तर त्या एका शब्दाचे मोलही थोडे नव्हते.

पुढील वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, स्वित्झर्लंडने युद्धकैद्यांपैकी आजारी सैनिकांना आपल्या भूमीत आश्रय दिला, त्यांतील काही लेझँला आले. युद्धानंतर रोलिए यांचा पसारा वाढतच गेला. भरभराटीच्या काळात त्यांच्या देखरेखीखाली लहानमोठी छत्तीस चिकित्सालये व हजाराहून अधिक खाटा होत्या. एका गाई राखणाऱ्या गावाचे हे रूपांतर होते.

यांतील एका संस्थेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. श्रीमंत रोग्याला दोन वर्षे उन्हात पडून राहणे परवडते. मजुराला कसे परवडावे? तो निजून राहिला तर घरी चूल पेटत नाही. शिवाय बरा होऊन परत गेला तरी दोन वर्षांच्या निष्क्रियतेने त्याचे हात काम विसरलेले असतात. यासाठी १९३० साली रोलिए यांनी कारखाना-चिकित्सालय उघडले. तेथे रोगी खाटेवर निजल्या निजल्या, उन्हात, आपल्याला झेपेल असे हातकाम वा लहान यंत्रावरचे काम करी व त्याची मजुरी त्याला मिळे. सूर्याइतकेच काम हेही औषध आहे, असे रोलिए मानीत. धनिकांच्या आरोग्यधामांनी वेढलेल्या त्या डोंगरावर मजुराच्या पोटाचा विचार त्यांना सुचला, याचे मोल मी त्यांच्या ग्रंथांहून अधिक धरतो.

लेझँशी आपल्या देशाचाही एक धागा जुळलेला आहे. १९३९ च्या अखेरीस इंग्लंडात शिकणारी एक बावीस वर्षांची भारतीय तरुणी फुप्फुसांच्या आवरणाला सूज आल्याने डॉक्टर रोलिए यांच्या ले फ्रेन नावाच्या चिकित्सालयात आणली गेली. ती म्हणजे पंडित जवाहरलाल नेहरूंची कन्या इंदिरा. तिची आई कमला नेहरू क्षयानेच आजारी होत्या व तीनच वर्षांपूर्वी, २८ फेब्रुवारी १९३६ रोजी, याच व्हो प्रांतातील लोझान येथे त्यांचे निधन झाले होते. आईला घेऊन गेलेला रोग मुलीच्याही दारात आला की काय, ही भीती पित्याच्या मनात किती असेल! १९४० चे बहुतेक वर्ष इंदिराजी लेझँच्या गच्चीवर होत्या. भोवती दुसरे महायुद्ध पेटले होते, फ्रान्स पडला होता, आणि घरची पत्रे महिनोनमहिने वाटेत अडकत होती. त्या वर्षाअखेर त्या तेथून निघाल्या, व पुढे भारताच्या पंतप्रधान झाल्या हे आपण जाणताच.

आपल्या सह्याद्रीतही डोंगराची हवा क्षयाला मानवते हे लोकांनी ओळखले होते. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले, आणि त्याच पाचगणीत निवासी शाळाही वाढल्या. आजारी फुप्फुसे व शिकणारी मुले यांनी एकाच डोंगराचा आश्रय घ्यावा, हा योग लेझँप्रमाणे येथेही जुळून आला.

आता प्रश्न असा की रोलिए यांचा उपचार खरोखर गुणकारी होता काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर ते सरळ नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांना ऊन मिळाले, तसेच स्वच्छ हवा, पोटभर सकस अन्न, पुरी विश्रांती व जाणत्या परिचारिकांची शुश्रूषाही मिळाली. यांतील कोणाचे श्रेय किती हे वेगळे करून पाहण्याची, म्हणजे काही रोग्यांना ऊन देऊन व काहींना न देता तुलना करण्याची, पद्धत त्यांनी अवलंबिली नाही. दुसरीकडे, उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते व ते हाडांना आवश्यक असते हे १९१९ नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाले. म्हणजे हाडांच्या रोग्यांना ऊन देण्यात तथ्य होते, ते का हे रोलिए यांना आरंभी माहीत नसले तरी. २००६ साली शास्त्रज्ञांना असेही आढळले की ड जीवनसत्त्वाच्या साह्याने शरीरातील पेशी क्षयाच्या जंतूंना मारणारे एक द्रव्य निर्माण करतात. मात्र क्षयाच्या रोग्यांना औषधांसोबत नुसते ते जीवनसत्त्व देऊन पाहिले असता फारसा लाभ दिसून आलेला नाही. शिवाय अतिरिक्त उन्हाने कातडीला कर्करोग होऊ शकतो हेही आता सर्वमान्य आहे. रोलिए यांची मिनिटा-मिनिटांची शिस्त विसरून तासन् तास अंग भाजून घेणाऱ्यांनी त्यांचे नाव सांगू नये.

क्षयावरचा खरा घाव अखेर प्रयोगशाळेतून आला. १९४३ साली अमेरिकेत मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले आणि १९५२ साली आयसोनायझिड हे दुसरे प्रभावी औषध उपयोगात आले. वर्षानुवर्षांचा उपचार महिन्यांवर आला व तो घरी राहूनही होऊ लागला. लेझँच्या गच्च्या रिकाम्या पडू लागल्या. हे रिकामेपण रोलिए यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. अर्धे शतक ज्या गावात त्यांनी मुलांना सूर्य दिला, त्याच गावात ३० ऑक्टोबर १९५४ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. आपले जीवनकार्य कालबाह्य ठरताना पाहणे हे कोणत्याही कर्तबगार माणसाला कठीण जाते. पण ते ज्या कारणाने कालबाह्य ठरले ते कारण मुले लवकर बरी होऊ लागली हे होते. आणि ज्याने शाळासोबत्याचे हाल पाहून सुरी खाली ठेवली होती, त्याला याचा विषाद वाटला असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर लेझँने पुन्हा वेष पालटला. १९५६ साली एका फ्रेंच प्रवासी संस्थेने तेथील मोठ्या वास्तू सुटीवर येणाऱ्यांसाठी घेतल्या, आणि १९६० च्या सुमारास तेथे अमेरिकन पद्धतीची एक निवासी शाळा निघाली. जुन्या आरोग्यधामांपैकी काही इमारतींत देशोदेशींचे विद्यार्थी राहू व शिकू लागले. त्या इमारतींच्या दक्षिणेकडच्या गच्च्या रुंद आहेत; रोग्याची खाट चाकांवरून बाहेर आणता यावी म्हणून त्या तशा बांधलेल्या होत्या.